पण त्यांना जपानी कुठे येतं?

मी ग्रंथपालांना जपानविषयक साहित्याचा शोध शिकवते, म्हणजे पुढे त्यांनी तो विद्यार्थ्यांना शिकवावा म्हणून. हे कळलं की लगेच प्रश्न येतो, "पण त्यांना जपानी कुठे येतं?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, मी शिकवतच नाही. पहिला अख्खा तास जातो तो ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीवर, आलेल्या शून्यावर.

मी नवखी असताना एका विद्यार्थिनीला मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) वर्तमानपत्रांवर पुस्तकं हवी होती. वर्तमानपत्राला जपानीत 'शिंबुन'. मी तो रोमनमध्ये टाइप केला, 'बी'च्या आधी 'एम' घालून. आसाही वर्तमानपत्र इंग्रजीत स्वतःचं नाव तसंच लिहितं, मग शंका कशाला घेऊ? एकही नोंद आली नाही. "आपल्याकडे नाहीत गं," म्हटलं आणि तिला वाटेला लावलं. पुस्तकं दोन कपाटं सोडून होती. आमच्या जपानी नोंदी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नियमांनी केलेल्या, आणि ते नियम तिथे 'एन' लिहायला सांगतात. जपानी रोमनमध्ये लिहिण्याची जपानची कुनरेई पद्धत तर 'शि'मधला 'एच'सुद्धा गाळते! मला हे उमगेपर्यंत त्या मुलीने विषय बदलला होता.

आता मी फळ्यावर 'अंबा' आणि 'अंत' लिहिते. टिंब एकच, पण एकीकडे म्, दुसरीकडे न्. 'शिंबुन'मधलं ते जपानी अक्षरही अगदी असंच वागतं. आपण टिंब देऊन मोकळे होतो. रोमनमध्ये मात्र एक काहीतरी ठरवावं लागतं आणि ते ज्याने त्याने आपापलं ठरवलंय.

मग पुस्तकाचं शेवटचं पान. प्रकाशनाचा तपशील, म्हणजे ओकुझुके, तिथे असतो. वर्ष जपानी सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेलं असतं; ते शोवा २० असेल तर १९२५ मिळवा, १९४५ आलं. शकात ७८ मिळवणाऱ्यांना हे जड जात नाही. लेखकाच्या नावाचा उच्चारही बऱ्याचदा तिथेच बारीक अक्षरांत सापडतो. तो फार मोलाचा, कारण त्याच दोन कांजी एका घरात नाकाजिमा, तर दुसऱ्या घरात नाकाशिमा. इथे जपानी येणाराही अंदाजाने फसतो. म्हणून पानाचा फोटो काढायचा आणि राष्ट्रीय डाएट ग्रंथालयाच्या, म्हणजे जपानी संसदेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या, नोंदीशी ताडून पाहायचा.

बटणांची चित्रं असलेल्या टिपणांचा नाद मी सोडलाय. जपानी शोधलेख शोधण्याचं जुनं संकेतस्थळ साइनी २०२२ मध्ये साइनी रिसर्चमध्ये विलीन झालं आणि माझी छापील पानं रद्दीत गेली.

शेवटी जोड्या पाडते, एक विद्यार्थी, एक ग्रंथपाल. मागच्या खेपेला धुळ्याच्या एका सरांनी यंत्राला हात लावण्याआधी समोरच्याला विचारलं, "हे नाव तू पाहिलंस कुठे? रोमनमध्ये की जपानीत?" सरांना एकही कांजी वाचता येत नाही.