कोयनेचं अवजल

मे महिन्यात कोकणातली नदी म्हणजे गोटे, कोंडीतलं हिरवट पाणी आणि त्यात डुंबणाऱ्या म्हशी. चिपळूणची वाशिष्ठी मात्र ऐन वैशाखातही वाहती. नवख्याला वाटतं, काय बारमाही नदी आहे! पण ते पाणी तिचं नसतंच मुळी, कोयनेचं असतं.

कोयना घाटावरची. महाबळेश्वरला उगम, सह्याद्रीच्या पाठीमागून दक्षिणेला धाव, हेळवाकला काटकोनात वळण, मग कऱ्हाडला कृष्णेच्या गळ्यात पडून पार बंगालच्या उपसागरात. हा तिचा रीतसर रस्ता. माणसाने धरण बांधलं, डोंगर पोखरला आणि तिला कोकणात उतरवली. धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेला सोडायला राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाची मुभा. ते पाणी बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजघरात कोसळतं, कोळकेवाडीच्या धरणात जरा टेकतं, अलोऱ्याला पुन्हा यंत्रं फिरवतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. वीज काढून घेतलेलं, म्हणून अवजल. नाव ऐकून वाटतं तसं ते टाकाऊ मुळीच नाही.

संध्याकाळी तिकडे शहरांत दिवे लागले, एसी सुरू झाले, की इकडे भरती नसतानाही घाटाची पायरी बुडते. धुणं धुणारी बाई पिळे उचलून वरच्या पायरीवर ठेवते, "मशिनं चालू झाली वाटतं," म्हणते आणि पुन्हा चादर आपटायला लागते.

पुढे हे सगळं दाभोळच्या खाडीतून समुद्रात जातं. ते मुंबईला न्यायच्या गोष्टी अधूनमधून निघतात. न्या बापडे, पण आधी वरच्या वाड्यांकडे बघा.

आमच्या मावशीची वाडी अशीच वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण खालचा जांभा दगड म्हणजे चाळण. दिवाळीला विहीर बऱ्यापैकी भरलेली, शिमगा सरला की कळशी तळाला खरवडते. "खाली कोयना वाहत्येय नि आम्ही हंडे मांडून बसलोय," मावशी म्हणते. नळपाणी योजना नाही असं नाही. नदीकाठी पाणी उपसायची विहीर, म्हणजे जॅकवेल आहे, वर टाकी आहे, टाकीवर उद्घाटनाची पाटीसुद्धा आहे. पंप तेवढा बंद. विजेचं बिल थकलं म्हणून जोडणी तोडली. टँकर मात्र येतो हो, दिवसाआड.