बारा बाय बाराचा मांडव

पुतणीने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. कुठल्याशा परदेशी हिरवळीवर आठ कोनी पांढरा गझेबो, म्हणजे बागेतली छोटी छपरी, झिरझिरीत पडदे आणि आत फक्त दोन माणसं, नवरा-नवरी. खाली लिहिलं होतं, "काका, मला अस्साच हवाय, आपल्या खळ्यात. तूच बांधायचास." खळं म्हणजे आमच्या कोकणातल्या घरापुढचं अंगण. मी आयटीआयत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला माणूस. नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण फोटो बघताना मला एकच प्रश्न पडला: यात भटजी कुठे बसणार?

गंमत म्हणून नाही म्हणत. आपल्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना आत कोण कोण उभं असतं ते मोजा. नवरा, नवरी, अंतरपाट धरणारे दोघे, पाठीशी दोन मामा, दोन करवल्या, भटजी, एक फोटोवाला, एक व्हिडिओवाला. आईवडील जरा बाजूला थांबले तरी अकरा जण झाले. पुढे लाजाहोमाला दोघांनी अग्नीभोवती फिरायचं, म्हणजे कुंडाच्या चारी बाजूंनी निदान अडीच फूट मोकळे हवेत. कुंड दीड फुटाचं. सप्तपदीच्या तांदळाच्या सात राशी आणखी वेगळ्या. मी गुरुजींना घरी बोलावलं, ओटीवर खडूने आखलं आणि त्यांना म्हटलं, "इथे बसा, हात लांब करून तूप सोडा." असं करत करत माप आलं 12 बाय 12. फोटोतला गझेबो आठ फुटी असावा. त्यात आमचे मामाच मावले नसते.

आठ कोन रद्द केले त्याला दुसरंही कारण होतं. आठ कोन म्हणजे आठ खांब, आणि त्यातले तीन-चार हमखास पहिल्या रांगेतल्या आत्या-मावश्यांच्या डोळ्यांसमोर. शिवाय छपराला आठ कोनवासे, म्हणजे कोपऱ्यांतून टोकाकडे चढणारे वासे, आणि प्रत्येक कोनवाशावर कौल तिरकं कापत बसायचं. चौकोनाला चारांत भागतं. पुतणी दोन दिवस फुगून होती. मग तिला ओटीवरच्या खडूच्या रेघांत उभं केलं, नऊवारीतल्या चार बायका आजूबाजूला उभ्या केल्या. पटलं.

कौलं कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. वर कापड टाका, झाप म्हणजे माडाची विणलेली झावळं टाका. कोकणात मांडवाला झाप घालतात हे मला कोणी सांगायला नको, लहानपणी पोफळीच्या खांबांना सुंभाने झाप बांधण्यात आमचा अख्खा वैशाख जायचा. पण त्या मांडवात जेवणं व्हायची. वाळल्या झापांखाली तुपाचा होम पेटवायचा म्हटलं की माझी झोप उडते. कापडाचा घोळ वेगळाच: दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की ताणलेलं कापड शिडासारखं फुगतं आणि खांब उचलायला बघतं. आपल्या जुन्या घरांचे खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, नुसते टेकवलेले असत, जमिनीत पुरलेले नसत, तरी पिढ्यान्‌पिढ्या हलले नाहीत. कारण वरून कौलं, वासे, माळा यांचं वजन. माझ्या मांडवाला माळा नव्हता, पण मागच्या पाडलेल्या पडवीची मंगलोरी कौलं रचून ठेवलेली होती. साडेतीनशेच्या आसपास लागली. एक कौल साधारण अडीच किलोचं, म्हणजे डोक्यावर आठ-नऊशे किलो बसले. जुना विद्यार्थी मदतीला होता, तो म्हणाला, "सर, मांडव घालतास की घर बांधतास?"

लाकूडही त्याच पडवीचं. आईन आणि किंजळ. आवारात एक वाळायला आलेला फणस होता, भावाच्या मनात तो तोडायचा होता. मी नको म्हटलं. एक तर साग, आंबा, फणस, आईन, किंजळ, जांभूळ ही सगळी 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी परवानगी घ्यावी लागते. दुसरं म्हणजे ओलं लाकूड वाळायला जाडीच्या दर इंचाला ढोबळमानाने वर्ष धरतात. सहा इंची खांब लग्नापर्यंत कुठला वाळणार? तो वाळेल लग्नानंतर, आणि वाळताना पीळ घेईल, सांधे उघडेल. जुन्या लाकडाचा त्रास एकच, खिळे. दिसणारे उपटता येतात. मोडून आत राहिलेला एखादा रंध्याच्या पात्याला दात पाडतो तेव्हाच कळतो. म्हणून आधी प्रत्येक वाशावरून लोहचुंबक फिरवलं. पोरांना खेळ झाला.

खांबाखाली जांभ्याचा चिरा बसवला. चिऱ्याला आरपार भोक, त्यातून सोळा एमएमची सळई, खाली काँक्रीटमध्ये आणि वर फूटभर खांबाच्या पोटात. खांबाच्या बुडाला डांबर. तुळयांची टोकं खांबाच्या खाचांत बसवून लाकडी खुंट्या ठोकल्या, कोपऱ्यांना तिरपे ब्रेस दिले. ब्रेस नसले तर चौकट काटकोनात राहत नाही, कौलं चढवताना एका अंगाला कलते. मी वर्गात सांगायचो, गुण्यावर, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीवर, विश्वास ठेवा पण कर्ण मोजा. 12 फुटांच्या चौरसाचा कर्ण 16 फूट 11 इंच 5 सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आमचा एक कर्ण दोन सूत जास्त भरत होता. विद्यार्थी म्हणाला, चलात. मी म्हटलं, नाय चलणा. पुन्हा सैल करून ठोकलं.

सगळ्यात आवडता भाग छपराच्या टोकाचा. चारही कोनवासे एका बिंदूत न मिळवता दोन फुटी लाकडी चौकटीवर टेकवले आणि त्या चौकटीवर नऊ इंचांची फट सोडून छोटी टोपी बसवली. धुराला वाट. आदल्या आठवड्यात विटांचं कुंड मांडून त्यात करवंट्या जाळून बघितल्या. धूर वर गेला, पण वारा आला की पश्चिमेच्या फटीतून परत आत. त्या बाजूला एक फळी आडवी मारली, मग सरळ निघून जाऊ लागला.

रंग दिलाच नाही, जवसाचं तेल दिलं. तेही लग्नाच्या बरंच आधी, कारण कच्चं तेल सुकायला वेळ घेतं आणि पैठणीवर तेलाचा डाग पडला असता तर मला गाव सोडावं लागलं असतं. एक सांगून ठेवतो: या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

मुहूर्तमेढीच्या दिवशी गुरुजी हसले. मेढ रोवायची आणि मग मांडव उभा राहायचा, इथे मांडव आधीच कौलारू. शेवटी उंबराची फांदी आणि आंब्याचा टहाळ बांधलेली मेढ पूर्वेच्या खांबालगत वेगळी रोवली. शास्त्राला बाध नाही म्हणाले.

लग्नात वारा आला, डेकोरेशनवाल्याचं बाहेरचं स्वागताचं फाटक आडवं झालं. मांडवातल्यांना ते जेवायला बसल्यावर कळलं. आता वाडीतल्या दोघांनी विचारलंय, भाड्याने देणार का. भाडं नको, अटी दोनच. होम कुंडातच व्हायला हवा, आणि पडद्यांसाठी खिळे मारायचे नाहीत. तुळयांना बाहेरच्या अंगाने हूक लावलेत, प्रत्येकीला चार.