तुम्ही विचारलंत म्हणून : सीलॅकँथ सापडला, मग मेगॅलोडॉन का नाही?

पुण्यातल्या शाळांमध्ये प्राण्यांविषयी बोलायला जातो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. शाळा कोथरूडची असो वा हडपसरची, मागच्या बाकावरून हात वर होतो. "सर, सीलॅकँथ नामशेष झाला म्हणत होते आणि तो सापडला. मग मेगॅलोडॉन पण समुद्राच्या तळाशी असेल ना?" हल्ली पालकही विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

नाही, मेगॅलोडॉन हा प्राचीन काळचा महाकाय शार्क आता कुठेच नाही. का नाही, ते सीलॅकँथ या माशाच्या घरावरून कळतं.

22 डिसेंबर 1938 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात एका ट्रॉलरवरच्या माशांच्या ढिगात संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना जाड खवल्यांचा, दीड मीटर लांबीचा निळा मासा दिसला. त्यांनी पाठवलेल्या चित्रावरून मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनी तो सीलॅकँथ असल्याचं ओळखलं. या कुळाचे जीवाश्म साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपतात. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा कातळ लाव्ह्यातून घडत होता, तोच हा काळ. त्याच्याही कितीतरी आधी, ज्युरासिक काळात, सीलॅकँथचा एक नातेवाईक प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात होता. तिथल्या 'कोटा' नावाच्या खडकथरातल्या जीवाश्मावरून 1974 साली त्याचं 'इंडोसीलॅकँथस' असं नामकरण झालं. हे सांगितलं की मुलं एकदम ताठ बसतात, आणि मलाही दर वेळी तितकाच आनंद होतो.

आता घराकडे वळू. दुसरा मासा मिळायला 1952 उजाडलं, तोही आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या कोमोरो बेटांपाशी. तिथल्या कोळ्यांना तो 'गोंबेसा' म्हणून माहीत होता. 1987 मध्ये जर्मन संशोधक हान्स फ्रिके आणि सहकाऱ्यांनी छोट्या पाणबुडीतून तो प्रथमच त्याच्या जागी जिवंत पाहिला. ज्वालामुखीच्या बेटांचे पाण्याखालचे उभे कडे, त्यांत लाव्ह्याच्या गुहा, खोली बहुधा दीडशे ते अडीचशे मीटर. म्हणजे पायथ्यापासून सिंहगड चढताना जेवढी उंची गाठतो, त्याहूनही कमी! दिवसा एकेका गुहेत अनेक मासे शांत तरंगत असतात, एकमेकांना धक्का न लावता. प्रत्येकाच्या अंगावरचे पांढरे ठिपके वेगळे, त्यावरून संशोधक त्यांना ओळखतात. पोहताना पुढचा उजवा पर मागच्या डाव्या पराबरोबर हलतो. रात्र झाली की ते कड्याच्या कडेकडेने आणखी खाली, शिकारीला जातात. थंड पाणी त्यांना लागतंच. वरच्या कोमट पाण्यात त्यांच्या रक्ताला पुरेसा प्राणवायू घेता येत नाही.

अशा कड्यावर गाळ साचत नाही, आणि गाळाशिवाय जीवाश्म होणं कठीण. शिवाय खडक लाव्ह्याचा. साडेसहा कोटी वर्षांचा पुरावा का सापडला नाही, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

मेगॅलोडॉनचं सगळंच उलटं. तो किनाऱ्याजवळच्या उबदार पाण्यात, जिथे देवमासे मिळतात तिथे वावरणारा प्रचंड शार्क. शार्कचे दात आयुष्यभर पडत राहतात आणि नवे येत राहतात. तळहाताएवढे त्याचे दात कितीतरी देशांत सापडले आहेत, आणि साधारण 36 लाख वर्षांपूर्वी ते थांबतात. एवढ्या मोठ्या शिकाऱ्याचं पोट काळ्याकुट्ट, थंड, अन्नाची वानवा असलेल्या तळाशी भरणार कसं? 'समुद्र खोल आहे, काहीही असू शकतं' हे वाक्य मला पटत नाही. प्रत्येक प्राण्याला खायला, श्वास घ्यायला आणि पिल्लं वाढवायला ठरावीक जागा लागते.

मला खरी काळजी आहे ती सापडलेल्या सीलॅकँथची. 2021 मधल्या अभ्यासानुसार तो शंभरेक वर्षं जगतो, पन्नाशी उलटल्यावर वयात येतो, आणि मादी सुमारे पाच वर्षं पिल्लं पोटात वाढवते. टांझानियाच्या किनाऱ्यावर शार्कसाठी खोल लावलेल्या जाळ्यांत असे मासे अडकतात. एक मादी गेली की किती दशकांचं नुकसान होतं, याचा हिशेब मुलांना फळ्यावर करायला लावतो.

आणि नवं काही सापडेल का, असं विचारलंत तर जरूर सापडेल. 1997 साली इंडोनेशियातल्या मानाडोच्या बाजारात हातगाडीवर एक तपकिरी सीलॅकँथ दिसला. कोमोरोपासून जवळपास दहा हजार किलोमीटरवर. ती वेगळीच जात निघाली. मधल्या हिंदी महासागरात ज्वालामुखीची बेटं थोडी नाहीत. तिसरी जात असेल तर ती अशाच एखाद्या कड्यावर, दोनेकशे मीटरवर शोधावी लागेल.