परवाना माणसाचा, परवानगी कामाची

वायरिंग तपासणं हे माझं काम. त्यामुळे ‘आमचा वायरमन लायसनवाला आहे, मग वर आणखी परवानगी कशाला?’ हे नेहमी ऐकावं लागतं. परवाना माणसाला मिळतो. त्यानं शिक्षण घेतलं, अनुभव दाखवला, त्याला काम येतं, एवढंच त्यातून कळतं. परवानगी त्या एका कामापुरती असते: अमुक जागी, अमुक लोडचं, आणि ते झाल्यावर दुसरं कुणी बघणार. चांगला वायरमनही संध्याकाळी दमलेला असतो, आणि स्विचमधून फेजऐवजी (वीज आणणाऱ्या जिवंत तारेऐवजी) न्यूट्रल (परतीची तार) जाते.

अशा वेळी दिवा लागतो, विझतो, सगळं झकास दिसतं. फक्त स्विच बंद केला तरी होल्डरपर्यंत फेज आलेलीच असते. ते कळतं बल्ब बदलायला शिडीवर चढलेल्या माणसाला.

म्हणून ‘लाइट लागली ना’ ही तपासणी नव्हे. मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं, ५०० व्होल्ट डीसी देऊन तारेच्या आवरणाचं इन्सुलेशन बघायचं. २३० व्होल्टच्या सर्किटला ते निदान १ मेगओहम हवं. अर्थची वायर शेवटच्या सॉकेटपर्यंत अखंड आहे का बघायचं. आरसीसीबी म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच. ३० मिलीअँपिअरचा साधा आरसीसीबी ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतो का, ते मीटरनं मोजायचं. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण अर्थिंग नसलेल्या घरातही छान चालतं, त्यावर विसंबू नका. आणि भिंतीत पाईप टाकले असतील तर प्लास्टरच्या आधी बोलवा. नंतर मला नुसती टोकं दिसतात. मधे कुठे टेप गुंडाळून जोड दिलाय, ते दिसत नाही.

मग साधा स्विच बदलायलाही कागद लागतो का? बहुतेक ठिकाणी नाही. भारतात १९५६च्या वीज नियमांपासून चालत आलेला निकष मला आवडतो: दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलताना मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर सूट. बाकी काम परवानाधारक कंत्राटदारानंच करायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५पासून घरातलं नवं सर्किट कळवावं लागतं किंवा नोंदणीकृत माणसाकडून करून घ्यावं लागतं. न्यूझीलंडमध्ये घरमालकाला स्वतःच्या घरात काही वायरिंग करता येतं, पण ते तपासून घ्यावं लागतं. शेजारच्या ऑस्ट्रेलियात तेवढीही मोकळीक नाही.

आपल्याकडच्या त्या सवलतीचा सर्वांत जास्त गैरफायदा एमसीबीच्या, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या, बाबतीत घेतला जातो. १० अँपिअरचा सारखा पडतो म्हणून २०चा बसवतात. ‘बदललाच तर आहे!’ अहो, आत तार तीच, दीड चौरस मिलिमीटरची. आता ती तापली तरी एमसीबी गप्प बसेल. हा स्विच बदलण्यासारखा प्रकार नाही, क्षमतेला हात घातलाय.

काम संपलं की आकड्यांसकट टेस्ट रिपोर्ट मागून घ्या, नुसता शिक्का नको. आणि तो वाचा. बोर्डाला खेटून असलेल्या सॉकेटचा आणि त्याच सर्किटवरच्या पार टोकाच्या सॉकेटचा लूप इम्पिडन्स (फॉल्टच्या करंटला वाटेत होणारा एकूण अडथळा, तार लांबली की वाढतो) दशांशापर्यंत एकच लिहिला असेल, तर मीटर पेटीतून बाहेर निघालाच नसावा.