बेटावरचे उंदीर मारायचे, तर पैसे शेवटपर्यंतचे हवेत

दक्षिण अटलांटिकमधल्या गफ बेटावर घरउंदीर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं जिवंत कुरतडतात. जमिनीवर घरटं करणाऱ्या या पक्ष्यांना अशा शत्रूची सवयच नाही. म्हणून उंदीर मारणं मला योग्य वाटतं. पण त्यासाठी वापरतात त्या ब्रोडिफॅकूम या विषाने रक्त गोठणं थांबतं आणि मरण यायला काही दिवस लागतात. ही वेदना आपण देतो, हे देणगीदारांना स्पष्ट सांगायलाच हवं.

हे विष घातलेलं आमिष हिवाळ्यात टाकतात: तेव्हा उंदरांना खायला कमी असतं आणि बरेच समुद्रपक्षी बेट सोडून गेलेले असतात. हेलिकॉप्टर जीपीएसच्या रेषेवर उडतं, आमिषाचे शेजारचे पट्टे एकमेकांवर चढवतात आणि काही दिवसांनी दुसरी फेरी होते. कडेकपारीत एक पट्टा जरी सुटला, तरी गाभण मादी वाचते आणि सगळा खर्च वाया जातो. गफवर 2021 मध्ये आमिष टाकलं, त्याच वर्षाअखेर उंदीर पुन्हा दिसला. तिथल्या पाणकोंबड्यांना विषबाधा होऊ नये म्हणून काहींना आधीच पकडून सांभाळलं होतं. हा खर्च कापायचा नसतो.

दक्षिण अटलांटिकमधल्याच साउथ जॉर्जिया बेटावर 2011 ते 2015 आमिष टाकलं, पण बेट उंदीरमुक्त जाहीर झालं 2018 मध्ये, कुत्र्यांनी वास घेऊन तपासल्यावर. देणग्या हेलिकॉप्टरसाठी सहज मिळतात, तपासणीसाठी नाही. त्यामुळे तपासणी आणि येणाऱ्या बोटींवरची नजर यांचे पैसे हाती आल्याशिवाय आमिषाचं पहिलं पोतं उघडू नये.