तुम्ही विचारलंत म्हणून: शांतता समितीत करता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय, म्हणजे सणासुदीच्या आधी पोलीस सगळ्या धर्मांच्या लोकांना बोलावतात ती शांतता समिती, मी आपणहून काढत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा विचारतो, पुण्याचा भाचा फोनवर विचारतो. परवा रक्त तपासायला गेलो, तर तिथल्या पोरीनंही सुई टोचता टोचता विचारलं, "काका, तुम्ही मिरजेच्या शांतता समितीत आहात ना? तिथं नक्की करता काय हो?" विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. चहा पिता, फोटो काढता, घरी येता. चहा असतो, खोटं कशाला बोलू. फोटोही असतो. मी उंचीनं कमी, त्यामुळं कायम पहिल्या ओळीत.

पण मला तिथं नेलं ते वायरींनी.

मी वीज मंडळात वायरमन होतो. (आमच्या गावात मंडळं दोन, विजेचं आणि गणपतीचं. 'मंडळाचा माणूस आलाय' म्हटलं की आतनं विचारतात, बिल का वर्गणी?) २००५ साली मंडळाचं महावितरण झालं, पण लोकांच्या तोंडात मंडळच राहिलं. मिरज हे मिरवणुकांचं गाव. अनंत चतुर्दशीला कमानींखालून निघालेले गणपती गणेश तलावावर पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात गलेफ, म्हणजे दर्ग्यावर चढवायच्या चादरी, निघतात, त्यात पहिला मान चर्मकार समाजाचा. शिवाय मोहरम, शिवजयंती, आंबेडकर जयंती, महावीर जयंती. या सगळ्यांच्या पुढं एक माणूस बेचक्याचा बांबू घेऊन चालतो आणि खाली लोंबलेल्या सर्व्हिस वायरी उचलून धरतो. तीस-पस्तीस वर्षं बहुतेक वेळा तो माणूस मी. त्याचा परिणाम असा झालाय, की कुठल्याही देवाची मिरवणूक बघितली की माझ्या मनात पहिल्यांदा येतं, किती फूट?

मध्ये काही वर्षं कडेगावकडं बदली होती. तिथले मोहरमचे ताबूत शंभर फुटांच्या वर जातात. बांबू, चिकणमाती, रंगीत कागद. बांधायची रीतही उफराटी, आधी कळस आणि मग पाया. वरचा मजला झाला की तो उचलायचा आणि खाली पुढचा घालायचा. ताबूत हिंदूंचेही असतात, आणि उचलणारे खांदे कुणाचे हे तर कुणी बघतच नाही. तिथं माझा बांबू काय कामाचा? लाईन बंद घ्यायची, वाटेवरच्या तारा सोडायच्या, ताबूत पुढं गेला की परत ओढायच्या. पहिल्या वर्षी मी पोलवर बसून खाली बघत होतो. ताबूत जरा कलला, तशी तोल सांभाळणारी पोरं एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायला लागली. शिव्या वाढतील तसा ताबूत सरळ होत गेला. एकोपा एकोपा म्हणतात तो एवढा शिवराळ असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

लोकांना मात्र गोष्ट हवी असते ती गोटखिंडीची. वाळवा तालुक्यातल्या या गावात १९८० पासून गणपती मशिदीत बसतो, हे खरं आहे. बकरी ईद गणपतीत आली तेव्हा तिथल्या मुसलमानांनी कुर्बानी केली नाही, नमाजापुरती ईद केली, हेही खरं. दरवर्षी पेपरात फोटो येतो, भाचा तो मला पाठवतो आणि खाली लिहितो, 'मामा, सगळीकडं असं का होत नाही?' अरे बाबा, सगळीकडं गोटखिंडी नसते. तिथं कुणाचा बांध कुणाला लागून आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मिरज जंक्शन आहे. इथं देव घरात घ्या असं कुणी कुणाला म्हणत नाही, दारावरनं नीट जाऊ दिला तरी मिळवलं.

ते किती अवघड असतं हे २००९ च्या गणपतीत दिसलं. कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरनं दंगल झाली, संचारबंदी लागली. कोण चुकलं, कुणी पेटवलं, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच रात्र आहे.

रात्री साडेअकराच्या सुमाराला ऑफिसातनं फोन, डीपीचा, म्हणजे गल्लीला वीज वाटणाऱ्या पेटीचा, फ्यूज उडालाय, मोहल्ल्याकडची गल्ली अंधारात आहे. संचारबंदीचा पास होता. मी, हेल्पर आणि सोबत एक हवालदार. हवालदार कोपऱ्यावरच थांबला, म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं." रस्त्यावर विटांचे तुकडे आणि एकच चप्पल. हेल्पर नवा पोरगा होता, त्याचे हात थरथरत होते, म्हणून त्याला बॅटरी दिली आणि शिडी भिंतीला लावून मीच चढलो. वर गेल्यावर लक्षात आलं, शिडी हलत नाहीये. खाली कुणीतरी धरली होती. कोण ते अंधारात दिसेना. वरच्या खिडकीतनं एका बाईचा आवाज आला, "भाईसाब, जरा जल्दी देखो, फ्रीजमें अम्मी का इन्सुलिन है." फ्यूज बांधला, लाईट आली, खाली बघितलं तर सोळा-सतरा वर्षांचं पोरगं. त्यानं शिडी सोडली आणि एक शब्द न बोलता पळत घरात गेलं. त्याला माझी भीती वाटली असणार. मलाही त्याची वाटली होती.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाचा कार्यकर्ता ऑफिसात येऊन बोंबलला, "आमची लाईट सोडून त्यांची आधी का जोडली?" त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन्ही गल्ल्या एकाच डीपीवर आहेत, रात्री तुझीही लाईट त्याच वेळेला आली. त्याला ते पटलं नाही. तो झोपला होता म्हणे. मोहल्ल्यातनंही तक्रार गेली, की मुद्दाम तासभर अंधारात ठेवलं. पुढच्या वर्षी पोलीस ठाण्यातनं बोलावणं आलं, समितीत या. मी म्हटलं, मी कशाला? साहेब हसले. "दोन्हीकडनं तुमची तक्रार आहे. असा माणूस शोधून मिळत नाही."

तर करतो काय? पहिल्यांदा सांगतो, बैठकीत धर्म फारसा निघत नाही. निघतात ते खड्डे, पार्किंग, रस्त्यात आलेला मांडव. नमाजाच्या वेळी ताशा कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत बंद ठेवायचा. खांबांना नंबर असतात, ते मला पाठ आहेत, म्हणून माझा उपयोग.

एप्रिल २०२२ चा कागद मी अजून जपून ठेवलाय. रमजान ३ तारखेपासून चालू. १४ ला आंबेडकर जयंती आणि त्याच दिवशी महावीर जयंती. १५ ला गुड फ्रायडे, आणि तो रमजानमधला जुम्मा. १६ ला हनुमान जयंती, म्हणजे सूर्योदयाला मारुतीचा जन्म आणि त्याच्या थोडं आधी सहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं खाणं, संपणार. वर त्याच महिन्यात भोंग्यांवरनं राज्यभर राजकारण तापलेलं. त्या बैठकीला पाद्री आले होते. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ ला इथं दवाखाना काढला तेव्हापासून गावात ख्रिस्ती वस्ती आहे, पण बैठकीत ते कधी तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "आम्हाला वर्षातून तीनच तास पाहिजेत. शुक्रवारी बारा ते तीन, चर्चसमोर आवाज नको." सगळे गप्प. इतक्या वर्षांत आपण यांना कधी विचारलंच नाही, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. जयंतीच्या मांडवातले स्पीकर दुसऱ्या तोंडाला फिरवायचं ठरलं. मी फक्त वायरची लांबी मोजून दिली.

भोंग्याचीही एक गंमत सांगतो. आवाजाचा नियम २००० सालचा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, वर्षातले पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. एका बैठकीत एकानं तावातावानं मागणी केली, नियम वाचून दाखवा, पहाटेच्या अजानचं काय ते होऊन जाऊ द्या. आमच्यातल्या वकिलांनी शांतपणे वाचून दाखवला. सहाच्या आत अजानचा भोंगा बंद, तसा काकडआरतीचाही. त्यानंतर त्या बैठकीत जेवढी शांतता होती तेवढी मी एरवी कधी अनुभवली नाही. मग वकिलांनी राज्यघटनेचं पंचविसावं कलम काढलं. आपापला धर्म पाळण्याचं, सांगण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. त्यांना ते तोंडपाठ आहे, संधी मिळाली की म्हणतात. लोक ऐकून घेतात, कारण चहा त्यानंतर येतो.

आता जे मला टोचतं ते सांगतो. २०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एका दिवशी आली. राज्यात गावोगावी मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं ठरवलं. ईदची कुर्बानी तीन दिवसांत कधीही चालते, त्यामुळं शास्त्राचीही अडचण नव्हती. मग २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र. पुन्हा ठिकठिकाणी जुलूस पुढं ढकलले गेले. पेपरांनी कौतुक केलं, मीही केलं. पण त्या दोन तारखांच्या मध्ये १० सप्टेंबरची रात्र होती. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, समाजमाध्यमावरच्या पोस्टवरनं जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. मोबाईलवरनं निघालेली मिरवणूक कुठल्या खांबावरनं जाणार, सांगा? तिच्यापुढं बांबू घेऊन कोण चालणार? त्यावर आमच्या समितीकडं उत्तर नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, त्यावर पोरं 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असं चित्र टाकतात. बास.

त्या सप्टेंबरातल्या बैठकीचं प्रोसीडिंग मीच लिहीत होतो. अक्षर बरं आहे म्हणून ते काम माझ्याकडं. तारीख सरकवायची चर्चा दहा मिनिटांत संपली. मग कोपऱ्यातनं चाचा बोलले. चाचा तंबोरे करतात. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. १९३७ ला ते गेले, तरी उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं. त्या गाण्याचं वेड आणि तंबोऱ्याचा धंदा या गावात एकत्रच वाढला. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण चाचांचं दुकान होतं तसंच आहे. भिंतीला टांगलेले भोपळे, खाली लाकडाचा भुगा. जवारी लावताना, म्हणजे तारेचा आवाज घुमता करताना, तारा टेकतात त्या घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत एकदा फिरवायची. बोलणंही तसंच, थोडं घासून मग एक शब्द.

म्हणाले, "आम्ही सरकायचं ठरलं, ते लिवा. आमची हरकत न्हाय. पण कुणी ठरवलं ते काय लिवणार?"

कुणी काही बोललं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. आमच्यातला एक जण म्हणाला, "चाचा, पुढच्या वेळी आम्ही सरकू की." तो मनापासून बोलला, पण गणपतीचं विसर्जन सरकवणार म्हणजे कुठं? हे त्यालाही माहीत होतं आणि चाचांनाही. चंद्राचं गणित असं आहे, की मुसलमानी सण दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं येतात, म्हणजे ते फिरत फिरत कुणाच्या ना कुणाच्या दारावर येणारच. आणि ज्यांची संख्या कमी, तेच सरकणार. यात चाचांचं मन मोठं हे खरं, पण मोठं मन एकाच बाजूनं किती दिवस दाखवायचं? मला त्या वेळी काही सुचलं नाही. मी लिहिलं, 'सर्वानुमते'. ते खोटं नव्हतं. हात सगळ्यांनी वर केले होते, चाचांनीसुद्धा.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही गप का बसलात?" मी म्हटलं, मी वायरी बघायला जातो. ती काही बोलली नाही, पण भाकरी जरा जोरात थापली.

२०२५ ला परत तोच योग. ५ सप्टेंबरला मिलाद, ६ ला अनंत चतुर्दशी. या खेपेला बैठकीच्या आधीच मी जुलूस कमिटीच्या पोरांना गाठलं आणि म्हटलं, तुम्हाला काय करायचंय ते तुम्ही ठरवा, पाहिजे तर काढा त्याच दिवशी, आम्ही रस्ता आणि वेळ बघतो. पण जे ठरवाल ते तुमच्या लेटरहेडवर लिहून आणा. त्यांनी दोन दिवस घेतले. जुलूस पुढच्या तारखेला काढायचं त्यांनी ठरवलं, पत्र आणलं आणि खाली दोन मागण्या लिहिल्या. नव्या तारखेला वाटेत पाण्याचा टँकर आणि पाच ते सात चौक मोकळा. चाचा बैठकीला नव्हते, गुडघे धरलेत म्हणे.

मी प्रोसीडिंगमध्ये लिहिलं, 'जुलूस पुढे नेण्याचा निर्णय कमिटीने स्वतः घेऊन पत्राने कळवला. कमिटीच्या दोन्ही मागण्या मान्य.' सही करताना साहेब थांबले. "एवढं लांबलचक कशाला? सर्वानुमते म्हणा की."

म्हटलं, "राहू द्या साहेब, पानावर जागा आहे."