गळ आणि दुर्बीण: आंजर्ले-हर्णैच्या हंगामाची नोंद, ज्येष्ठ ते फाल्गुन

यंदाचा सगळा हंगाम मी तिथी बघून ठरवला. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशी भरती किती वाजता भरणार ते कळतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला तेवढं पुरतं. अष्टमी-नवमीला पाणी सकाळ-संध्याकाळ सहा-सातच्या सुमाराला भरतं आणि भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असल्यामुळे ओढ कमी असते, म्हणून ते दिवस गरवायचे, म्हणजे गळाने मासे धरायचे. पौर्णिमा-अमावास्येला उजाडताना पाणी पार खाली गेलेलं असतं आणि दुपारपर्यंत चढत राहतं, ते दिवस पक्ष्यांचे.

पावसाळ्यात किनारा सोडलाच होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. काठावरून गळ टाकणाऱ्याला ती आडवी येत नाही, पण त्या वाऱ्यात खडकावर उभं राहू नये. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्याने शेतात चढतात, तेही मी धरत नाही. पोटात गाबोळी घेऊन वर निघालेला मासा धरला तर पुढच्या वर्षी खाडीत काय राहणार? त्या दिवसांत ओढ्याच्या मातीच्या दरडीत तिबोटी खंड्याचं बीळ शोधावं आणि लांब बसून राहावं. आईबाप चोचीत कधी पाल, कधी बेडूक घेऊन येतात.

गळाची सुरुवात नारळी पौर्णिमेनंतर, आंजर्ल्याच्या खाडीत. भाद्रपदापर्यंत पाणी गढूळ असतं, तेव्हा शेंगटी हा मिशाळ मासाच जास्त लागतो. तो सोडवताना पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांजवळचा काटा सांभाळा, तिन्ही विषारी असतात. नवीन मुलांना मी आधी पक्कड धरायला शिकवतो. काटा लागलाच तर सोसेल तितक्या कडक पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि डॉक्टरकडे जावं.

खरी मजा तांबोशीची, खडकांच्या कपारीत राहणाऱ्या तांबूस माशाची. कालवं लागलेल्या खडकांच्या कडेला आमिष म्हणून जिवंत बोयट, एक छोटा मासा, सोडायची. तांबोशी कुरतडत बसत नाही. एकदम ओढते आणि सरळ आपल्या कपारीकडे वळते. पहिल्या दोन-तीन हातांत तिला बाहेर काढली तर मिळाली, नाहीतर कालवांच्या धारेवर दोरी तुटते. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू न देणारा ब्रेक, मी आता जवळजवळ पूर्ण आवळतो आणि लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा तुकडा, जाड ठेवतो. यंदा त्यामुळे बऱ्याच हाती लागल्या. वीतभराच्या होत्या त्या परत सोडल्या.

शिकारीबद्दलही विचारणारे भेटतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे आणि तीच योग्य गोष्ट आहे. पण पूर्वी हाक्याला जाणारे म्हातारे अजून आहेत. ओल्या मातीतला माग बघून रानडुक्कर की भेकर, रात्री गेलं की पहाटे, हे ते सांगतात. त्यांच्याबरोबर नुसतं चालून यावं.

मार्गशीर्षापासून दुर्बीण. पश्चिमेचा किनारा असल्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि चढतं पाणी पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. एका जागी बसून राहिलं की चिखल्ये, तुतवार, सँडरलिंग हळूहळू दहा-पंधरा पावलांवर येतात. हर्णैला मासळीच्या लिलावाच्या वेळी कुरवांची, म्हणजे सीगल पक्ष्यांची, गर्दी असते. यंदाची माझी कमाई म्हणजे तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव उडताना वेगळा ओळखता येऊ लागला. थंडीत दोघांचीही डोकी पांढरी, त्यामुळे डोक्याकडे बघून उपयोग नाही. पंख बघायचा. तपकिरी डोक्याच्या पूर्ण वाढलेल्या पक्ष्याच्या पंखाचं टोक चांगलं काळं असतं आणि त्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या पंखाची पुढची कड पांढरी आणि टोकाला फक्त काळी किनार. जवळ बसला असेल तर डोळा बघा, तपकिरी डोक्याच्याची बुबुळं फिकट असतात. त्यांच्यात पल्लासेस गल हा दांडगा कुरव दिसला तर थांबा, फाल्गुनात त्याचं डोकं काळं होत जातं.

कासवांचा विषय आपल्या गरवणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या थंडीत याच वाळूत येतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आंजर्ल्यातही आता ते काम चालतं. अंडी कुंपणात हलवतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाहेर पडतात. पिल्लं समुद्राच्या उजेडाकडे धावतात, म्हणून रात्री पुळणीवर पांढरी बॅटरी लावू नका. तुटलेली दोरी एक हातसुद्धा मागे ठेवू नका, ती पायात अडकते. मी स्वतः फाल्गुन-चैत्रात पुळणीवर गळ नेतच नाही, खाडीच्या आतल्या बाजूला बसतो.

पुढच्या अमावास्येला केळशी करायची आहे, भारजा नदीच्या मुखाशी, उजाडायच्या आत. परतीला निघालेल्या चिखल्यांच्या छातीवर तोपर्यंत तांबूस रंग चढायला लागलेला असेल. येणाऱ्यांनी दुर्बीण आणावी, गळ घरी ठेवावा.